लाल पट्टीचा कागद : जर्मनीचे स्थलांतर धोरण आणि वाट पाहण्यात गेलेली वर्षे

नेकारकाठ, श्टुटगार्ट

श्टुटगार्टला येऊन मला सोळा वर्षे झाली. त्यांपैकी गेली नऊ वर्षे मी दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या भागातील चर्चच्या तळघरात भरणाऱ्या भाषा-मेळाव्याला जात असतो. नव्याने आलेली माणसे तेथे कॉफी घेत घेत जर्मन बोलण्याचा सराव करतात आणि आमच्यासारखे जुने रहिवासी त्यांना सरकारी पत्रे वाचून समजावून देतात. पिशवीतून पिवळे पाकीट निघाले की टेबलाभोवतीचे बोलणे थांबते, कारण पिवळ्या पाकिटातून रीतसर बजावणी होते आणि पोस्टमनने त्यावर लिहिलेल्या तारखेपासून अपिलाची मुदत धावू लागते.

या मेळाव्याला २०१७ पासून येणारा एक अफगाण तरुण आहे. २०१५ साली तो जर्मनीत आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला, परंतु प्रत्यक्ष परत पाठवणी होत नसल्यामुळे त्याला 'डुलडुंग' मिळाले. डुलडुंग म्हणजे वास्तव्याचा परवाना नसतो. 'हा देश सोडणे तुमच्यावर बंधनकारक आहे, मात्र तुमची रवानगी तूर्त थांबवली आहे' एवढेच तो कागद सांगतो, आणि त्यावर लाल रंगाची तिरकी पट्टी छापलेली असते. त्याचा कागद कधी तीन महिन्यांसाठी, कधी सहा महिन्यांसाठी वाढवून मिळे. घड्यांवर तो इतका विरला होता की जुन्या पोथीचे पान सोडवावे तसा तो त्याला दोन्ही हातांनी उलगडावा लागे. बेकरीत काम मिळाले, तर कचेरीची परवानगी येईपर्यंत ती जागा दुसऱ्याला गेली. खोली भाड्याने घ्यायला गेला, तर घरमालकाने विचारले, 'तीन महिन्यांनी तुम्ही कोठे असाल?' या प्रश्नाला त्याच्याजवळ खरे उत्तर नव्हते. अशी आठ वर्षे गेली.

युरोपातील स्थलांतराविषयी मराठीत जे वाचायला मिळते त्यात धर्म, दंगली आणि निवडणुकांचे निकाल यांना बहुतेक जागा मिळते. ते विषय खरे आहेत आणि मी ते टाळणार नाही. परंतु इतक्या वर्षांत माझे मत असे बनले आहे की, जर्मनीत नवागतांना सामावून घेण्यात जे अपयश आले त्याचे मोठे कारण या देशाने माणसांना 'तुम्ही राहणार की जाणार' हे वेळेवर सांगितले नाही, आणि बराच काळ स्वतःलाही सांगितले नाही, हे आहे.

ही सवय जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने पुन्हा उभे राहिले आणि कामगार कमी पडू लागले, तेव्हा पश्चिम जर्मनीने २० डिसेंबर १९५५ रोजी इटलीशी कामगार भरतीचा पहिला करार केला. १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीस, १९६१ मध्ये तुर्कस्तान, त्यानंतर मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया असे करार होत गेले. या कामगारांना 'गास्टआर्बायटर' म्हणजे पाहुणे कामगार असे नाव मिळाले. पाहुणा या शब्दातच मुक्काम ठरावीक दिवसांचा आहे, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. दहा लाखावा पाहुणा १० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोन शहराच्या डॉइट्स स्थानकावर उतरला. आर्मांदो रॉद्रिगेस द सा हे त्याचे नाव. पोर्तुगालमधल्या या सुताराला बँडच्या गजरात फुलांचा गुच्छ आणि एक मोपेड भेट देण्यात आली, आणि ती मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. पुढे तो आजारी पडून मायदेशी परतला आणि जर्मनीतील कमाईची शिल्लक उपचारांवर खर्च करून १९७९ मध्ये वारला. जर्मनीत भरलेल्या विम्यातून आपल्याला मदत मिळू शकली असती, याची त्याला कल्पना नव्हती. मोपेडवर बसलेल्या त्या गोंधळलेल्या माणसाचे छायाचित्र जर्मन पाठ्यपुस्तकांत असते. ते पाहिले की माझ्या मनात दर वेळी एकच येते, की त्याला मोपेडपेक्षा विम्याचे नियम समजावून सांगणाऱ्या माणसाची गरज अधिक होती.

१९५५ ते १९७३ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख कामगार आले आणि त्यांतील सुमारे १ कोटी १० लाख परतही गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलसंकट येताच भरती थांबवण्यात आली, आणि त्याचा परिणाम उलटा झाला. तोपर्यंत लोक येत-जात होते. आता एकदा बाहेर पडलो तर पुन्हा आत येता येणार नाही, हे कळल्यावर जे होते ते थांबले आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. १९७९ मध्ये संघराज्याचे पहिले परकीय-नागरिक आयुक्त हाइन्त्स क्यून यांनी स्पष्ट लिहून दिले की, हे लोक आता स्थलांतरितच आहेत आणि त्यांच्या मुलांना शाळेत व नागरिकत्वात समान वाट मिळाली पाहिजे. ते टिपण बाजूला पडले. १९८३ मध्ये उलट परत जाणाऱ्यांना १०,५०० मार्क देण्याचा कायदा झाला. बव्हेरियासारख्या राज्यात तुर्की मुलांसाठी तुर्की माध्यमाचे वेगळे वर्ग चालवले गेले, कारण ती 'परत' जाणार होती. म्युनिकमध्ये जन्मलेल्या मुलाला जो देश त्याने पाहिलेलाच नाही तेथे परतण्यासाठी तयार करायचे, आणि तीस वर्षांनी त्याचे जर्मन कच्चे का म्हणून त्यालाच विचारायचे, हा अन्याय मला आजही खुपतो.

'जर्मनी हा स्थलांतरितांचा देश नाही' हे वाक्य चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्या काळात सरकारी धोरण म्हणून मानले जात होते. नागरिकत्वाचा १९१३ चा रक्तसंबंधावर आधारलेला कायदा बदलला तो २००० साली. तेव्हा कोठे जर्मनीत जन्मलेल्या परकीयांच्या मुलांना काही अटींवर जन्मतः नागरिकत्व मिळू लागले. आणि सरकारी खर्चाने भाषा शिकवणारे 'इंटेग्रात्सिओन्सकुर्स' सुरू झाले ते २००५ मध्ये, म्हणजे इटलीच्या करारानंतर बरोबर पन्नास वर्षांनी. आज त्यात साधारणपणे भाषेचे ६०० तास आणि देशाच्या इतिहास-कायद्याचे १०० तास असतात. अभ्यासक्रम चांगला आहे. तो दोन पिढ्या उशिरा आला.

२०१५ मध्ये सुमारे ८ लाख ९० हजार आश्रयार्थी आले. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी एकट्या म्युनिक स्थानकावर सुमारे २० हजार माणसे उतरली. अँगेला मेर्केल यांचे 'आपण हे पार पाडू' हे वाक्य सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्याच शरद ऋतूत झालेला एक लहान प्रशासकीय निर्णय फारसा कोणाला ठाऊक नाही. अर्जाचा निकाल लागण्याआधीच भाषावर्गात बसण्याची मुभा 'राहण्याची चांगली शक्यता' असलेल्यांना मिळाली, म्हणजे सीरिया, इराक, इराण आणि एरिट्रिया अशा देशांतून आलेल्यांना. अफगाण त्यात नव्हते. त्याच छावणीत, शेजारच्या खाटेवर झोपणारा सीरियन मुलगा सकाळी वर्गाला जाई आणि आमचा अफगाण तरुण खिडकीशी बसून राही. तो तळघरातल्या मेळाव्याला येऊ लागला तो याच कारणाने.

त्याची सुटका २०२३ मध्ये झाली. ३१ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने, आदल्या ३१ ऑक्टोबरला पाच वर्षे देशात असलेल्या डुलडुंगधारकांना अठरा महिन्यांचा परवाना देऊ केला, आणि या मुदतीत नोकरी, भाषा व ओळखपत्रे यांची पूर्तता केली की पुढचा मार्ग मोकळा ठेवला. त्याने अकरा महिन्यांत सगळे पूर्ण केले. जो माणूस अकरा महिन्यांत हे करू शकला, त्याला आठ वर्षे कशासाठी थांबवले होते?

या चर्चामंचाचे सभासद वेगवेगळ्या देशांत राहतात. आपापल्या देशात काय पाहिले ते कृपया लिहावे.

मुळा_ते_ओरेसुंद, माल्मो

नेकारकाठ यांचे लिखाण मन लावून वाचले. तरीही त्यांच्या मुख्य मुद्द्याशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही, आणि त्याचे कारण स्वीडन आहे.

'राहणार की जाणार' हे वेळेवर सांगावे, असे ते म्हणतात. स्वीडनने नेमके तेच केले होते. सप्टेंबर २०१३ मध्ये स्वीडनने सीरियातून आलेल्यांना थेट कायमचा वास्तव्य परवाना देण्याचे ठरवले. म्हणजे लाल पट्टी नाही, तीन महिन्यांची मुदत नाही, पहिल्या दिवसापासून खात्री. २०१५ मध्ये येथे सुमारे १ लाख ६३ हजार लोकांनी आश्रय मागितला. एक कोटीच्या देशात हे प्रमाण जर्मनीपेक्षाही मोठे होते. त्या नोव्हेंबरमध्ये सरकारने कायद्याची दिशा बदलत असल्याचे जाहीर केले तेव्हा उपपंतप्रधान ओसा रोमसन यांना पत्रकार परिषदेत अश्रू आवरले नाहीत. जुलै २०१६ पासून तात्पुरते परवाने हाच नियम झाला.

म्हणजे खात्री देऊनही स्वीडनमध्ये वेगळ्या वस्त्या उभ्या राहिल्याच. १९९४ च्या कायद्याने आश्रयार्थ्याला स्वतःची राहण्याची सोय स्वतः करण्याची मोकळीक दिली. ऐकायला हे माणुसकीचे वाटते, आणि हेतूही तसाच होता. पण परक्या देशात उतरलेला माणूस आपल्या चुलतभावाकडेच जाणार, नाशिकहून मुंबईला आलेला मुलगा गाववाल्याच्या खोलीवर उतरतो तसा. सोडरटेल्ये आणि आमच्या माल्मोमधील रोसेनगोर्ड येथे एकेका दोन खोल्यांच्या घरात तीन-तीन कुटुंबे राहू लागली. १९६५ ते १९७४ या काळात 'दशलक्ष घरांच्या' योजनेत बांधलेल्या या वसाहतींतून ज्यांना परवडत होते ते स्वीडिश लोक आधीच बाहेर पडले होते. त्यातच १९९२ पासून पालकांना शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले होते. त्यामुळे जे पालक माहीतगार होते त्यांनी मुले दुसरीकडे नेली.

मी येथील एका शाळेत गणित शिकवते. माझ्या एका वर्गात चोवीस मुले आहेत आणि त्यांपैकी एकाच्याही घरी स्वीडिश बोलली जात नाही. ही मुले आपसात जी स्वीडिश बोलतात ती त्यांनी एकमेकांकडूनच शिकली आहे. कायमचा परवाना तर यांच्या आईवडिलांकडे कधीचाच होता. एप्रिल २०२२ च्या ईस्टरमधील दंगलींनंतर पंतप्रधान माग्दालेना आंदेर्सन यांनी देशात समांतर समाज निर्माण झाले असल्याची कबुली दिली. त्या सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या होत्या, म्हणून त्या कबुलीला वजन आहे.

माझ्या मते परवान्याइतकाच मोठा प्रश्न घर कोठे मिळते आणि पहिली नोकरी केव्हा मिळते हा आहे. स्वीडनमध्ये शिक्षण कमी असलेल्या माणसासाठी मुळात कामेच थोडी आहेत, कारण सुरुवातीचा पगार चांगला आहे आणि कामे कौशल्याची आहेत. शेतमजूर म्हणून आयुष्य गेलेल्या पन्नाशीच्या माणसाला यात कोठे बसवायचे, याचे उत्तर त्याच्या हाती कोणताही कागद ठेवून मिळत नाही.

उंबरठा, रुअर खोरे

मला येथे थोडे अप्रिय लिहायचे आहे. ते आकसाने लिहिलेले नाही, एवढा विश्वास ठेवावा.

मी जर्मनीतील ज्या शहरात राहतो तेथील कोळशाच्या खाणी बंद झाल्या, लोक गेले आणि घरे स्वस्त झाली. घरे स्वस्त म्हणून गरीब स्थलांतरित येथेच येतात. निर्वासितांचे राज्यांमध्ये वाटप 'क्योनिग्श्टाइन' सूत्राने होते, ज्यात दोन तृतीयांश भार कर-उत्पन्नाला आणि एक तृतीयांश लोकसंख्येला असतो. हे सूत्र राज्यांसाठी ठीक आहे. परंतु एकदा आश्रय मंजूर झाला की माणूस स्वस्त घर शोधत सरकतो, आणि ओझे नेमक्या त्याच पालिकांवर येते ज्या आधीच कर्जात आहेत. २०१६ च्या कायद्याने मान्यताप्राप्त निर्वासितांना तीन वर्षे नेमून दिलेल्या राज्यातच राहण्याचे बंधन घातले, त्यामागे हीच अडचण होती. आमच्या शेजारच्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या शिक्षिकेला वर्षाचे पहिले कित्येक आठवडे केवळ 'दप्तर उघडा, वही काढा' हे समजावण्यात घालवावे लागतात. तिची तक्रार ऐकून घेतली की लोक तिला वंशवादी ठरवतात. ती तशी नाही. ती थकलेली आहे.

दुसरी गोष्ट कायद्याच्या अंमलबजावणीची. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सोलिंगेनच्या नगरोत्सवात तीन जणांची हत्या झाली. हल्लेखोर सीरियन होता, आणि आश्रयार्थी युरोपातील ज्या देशात प्रथम दाखल झाला त्यानेच त्याचा अर्ज पाहावा, या डब्लिन नियमानुसार त्याची रवानगी आदल्या वर्षी बल्गेरियात व्हायला हवी होती. ती झाली नाही. नेकारकाठ यांचा तरुण आठ वर्षे ताटकळला आणि हा माणूस राहून गेला. दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेच्या हातून घडल्या. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरविरोधी 'आल्टरनाटिव्ह फ्यूर डॉइचलान्ड' (एएफडी) पक्षाला २०.८ टक्के मते मिळाली. ती सगळी द्वेषाची मते आहेत, असे मी मानू शकत नाही. माझ्या मजल्यावरचे तुर्की आजोबा १९७० पासून येथे आहेत, खाणीत काम करून त्यांच्या फुफ्फुसांचे नुकसान झाले आहे, आणि 'आम्हाला कोणी भाषावर्ग दिला होता का?' असे ते नव्या लोकांकडे बोट दाखवून विचारतात. त्यांच्या कडवटपणाला मी काय उत्तर देऊ?

नेकारकाठ, श्टुटगार्ट

उंबरठा, आपल्या प्रतिसादात अप्रिय काही नाही. सोलिंगेनचे नाव आपण घेतलेत म्हणून एक जोडतो. त्याच गावात २९ मे १९९३ रोजी गेन्च या तुर्की कुटुंबाचे घर पेटवून देण्यात आले आणि पाच मुली व स्त्रिया मरण पावल्या. मुली आणि नाती गमावलेल्या मेव्ल्यूदे गेन्च २०२२ मध्ये वारल्या तोपर्यंत त्याच गावात राहिल्या आणि सलोख्याचेच बोलत राहिल्या. त्या आगीच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९९२ मध्ये, रोस्टोकमध्ये ज्या इमारतीला जमावाने आग लावली तिच्यात शंभराहून अधिक व्हिएतनामी लोक होते. ते पूर्व जर्मनीने कराराने आणलेले कामगार होते. त्यांना वेगळ्या वसतिगृहांत ठेवले जाई, आणि त्यांच्यातील स्त्री गरोदर राहिली तर गर्भपात किंवा परतीचे विमान एवढेच पर्याय असत. आपल्या मजल्यावरच्या आजोबांचा कडवटपणा मला समजतो. त्यांना भाषावर्ग मिळाला नाही ही चूक होती, म्हणून तो पुढच्यांना मिळू नये असे ते म्हणत असतील, तर मात्र मी त्यांच्याशी बसून बोलेन.

मुळा_ते_ओरेसुंद यांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. नुसत्या परवान्याने माणूस सामावत नाही. जर्मनीतील कामगार-संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार २०१५ मध्ये आलेल्या निर्वासितांपैकी ६४ टक्के लोक २०२४ मध्ये नोकरी करत होते, आणि हे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा फार खाली नाही. परंतु पुरुषांचे प्रमाण ७६ टक्के आणि स्त्रियांचे ३५ टक्के आहे. आमच्या मेळाव्यातल्या स्त्रियांना मी विचारतो तेव्हा बालवाडीत जागा मिळाली नाही, हे पहिले उत्तर असते. मूल घरी, म्हणून आई वर्गाला नाही. आई वर्गाला नाही, म्हणून नोकरी नाही. संस्कृतीचा भाग यात असेल, मी नाकारत नाही. पण बालवाडीची रांग मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे.

रवानगीच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत आहे. ज्याला राहता येणार नाही त्याला तेही लवकर सांगावे आणि मग त्याप्रमाणे वागावे. मी 'वेळेवर सांगा' म्हणतो त्यात 'नाही' हे उत्तरही येते.

खाडीपलीकडे, उट्रेख्ट

नेदरलँड्सचा अनुभव या चर्चेत उपयोगी पडेल, कारण येथे उलटी चूक झाली.

येथे नवागतांसाठी सक्तीचा 'इनबुर्गरिंग' म्हणजे भाषा शिकून समाजात सामावण्याचा कायदा १९९८ पासून आहे, म्हणजे जर्मनीच्या आधीपासून. पुढे असे मत पुढे आले की, सामावणे ही ज्याची त्याची जबाबदारी आहे. त्यानुसार २०१३ च्या बदलाने पालिकांना बाजूला केले. नवागताने स्वतः बाजारातून शिकवणी शोधायची, त्यासाठी सरकारकडून १०,००० युरोपर्यंत कर्ज घ्यायचे आणि तीन वर्षांत परीक्षा द्यायची. निर्वासित मुदतीत उत्तीर्ण झाला तर कर्ज माफ; नाही झाला तर कर्ज डोक्यावर आणि दंड वेगळा.

एरिट्रियाहून आलेल्या, डच अक्षरही न वाचता येणाऱ्या माणसाने पन्नास शिकवण्यांतून चांगली कोणती हे कसे ओळखावे? भुरट्या शिकवण्या निघाल्या. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या शिकवणीत शिक्षक चित्रफीत लावून निघून जात असे आणि हजेरीच्या तासांचे पैसे मात्र कर्जातून वळते होत. त्याहून वाईट म्हणजे, दंडाच्या भीतीने लोक झेपेल त्याहून खालच्या पातळीची परीक्षा देऊन मोकळे होत. ज्यांना पुढे महाविद्यालयात जाता आले असते तेही जुजबी भाषेवर थांबले. मंत्री वाउटर कोलमेस यांनी २०१८ मध्ये ही पद्धत बदलण्याचे जाहीर केले आणि १ जानेवारी २०२२ पासून नवा कायदा आला. त्यात सूत्रे पुन्हा पालिकेकडे गेली, निर्वासितांचे कर्ज बंद झाले आणि भाषेची पातळी वर नेली गेली.

जबाबदारी माणसावर टाकणे आणि त्याला एकटे सोडणे यांत फरक आहे, हे समजायला या देशाला नऊ वर्षे लागली, आणि ती नऊ वर्षे त्या बाईंच्या आयुष्यातूनही गेली.

आग्वाद, लिस्बन

मी मूळचा बार्देशचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवून घेता येते. माझ्या वाड्यावरील निम्मी घरे याच वाटेने रिकामी झाली. बहुतेक जण पोर्तुगालमध्ये थांबलेच नाहीत. पासपोर्ट घेऊन ते इंग्लंडमधील स्विंडन आणि साउथॉलला गेले, आणि ब्रेक्झिटनंतर तेथे राहण्यासाठी त्यांना पुन्हा वेगळी नोंदणी करावी लागली. यामुळे लिस्बनमध्ये माझी स्थिती चमत्कारिक आहे. कागदाने मी पोर्तुगीज आहे, पण दुकानात तोंड उघडले की परका ठरतो, कारण भाषा मी येथे आल्यावर चाळिशीत शिकलो.

मार्तिम मोनिजच्या चौकात जी नेपाळी, बांगलादेशी आणि पंजाबी मुले दिसतात त्यांचे उलट आहे. त्यांची पोर्तुगीज माझ्यापेक्षा बरी आहे, पण त्यांच्याजवळ कागद नाही. येथे पूर्वी आधी येऊन, काम मिळवून, मग वास्तव्यासाठी अर्ज करण्याची वाट होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्थलांतराची प्रकरणे पाहणारी जुनी यंत्रणा मोडून नवी उभारली गेली तेव्हा तुंबलेली प्रकरणे सुमारे चार लाख होती, आणि जून २०२४ मध्ये ती वाटच बंद झाली. ही मुले कर भरतात, सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरतात. घरी वडील वारले तरी जाता येत नाही, कारण गेले तर परतता येणार नाही. नेकारकाठ यांनी १९७३ बद्दल जे लिहिले तेच मी येथे रोज पाहतो.

पर्वती_पायथा, पुणे

मी पुण्यात जर्मन शिकवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि सुरुवातीला १० हजार तरुणांना तयार करण्याची घोषणा झाली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचे वार्षिक व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून माझ्या वर्गात सोलापूर, बीड, जालना येथील परिचारिका, वीजतंत्री आणि वाहनचालक येऊ लागले आहेत. यांच्यापैकी अनेकांच्या घरी शेत गहाण ठेवून शिकवणीचे पैसे उभे केले आहेत.

ही चर्चा वाचून माझी झोप उडाली, असे म्हटले तरी चालेल. पाहुणे कामगार हा शब्द आता कोणी वापरत नाही, पण माझ्या विद्यार्थ्यांना जे सांगितले जाते त्यात पगार आणि तारीख एवढेच असते. वर्गात बीडची एक परिचारिका आहे, सहा वर्षे अतिदक्षता विभागात काम केलेली. तिच्या हाती आलेल्या नियुक्तिपत्रात पदाचे नाव 'साहाय्यक' असे आहे. दलालाने तिला सांगितले की ते नाव केवळ कागदोपत्री आहे. हे खरे आहे का? तिने सही करावी का?

नेकारकाठ, श्टुटगार्ट

ते केवळ कागदोपत्री नाही. कृपया तिला सही करण्यापूर्वी थांबवावे.

भारतातील परिचर्येच्या पदवीला येथे आपोआप मान्यता मिळत नाही. राज्याची कचेरी अभ्यासक्रम ताडून पाहते, त्रुटी लिहून देते, आणि मग ज्ञानपरीक्षा किंवा काही महिन्यांचे पूरक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. शिवाय भाषेची 'बी-दोन' (B2) म्हणजे कामकाज अडणार नाही इतपत वरची पातळी लागते. तोपर्यंत ती येथे साहाय्यक म्हणूनच काम करील आणि पगारही साहाय्यकाचाच मिळेल. मार्च २०२४ पासून 'ए-दोन' (A2) या प्राथमिक पातळीवर येऊन मान्यतेची प्रक्रिया येथे पूर्ण करण्याची सोय झाली आहे, आणि बहुधा तिला तीच वाट दाखवली असावी. ही वाट वाईट नाही. पण रुग्णालय आठवड्यातून किती तास तिला अभ्यासासाठी मोकळे ठेवणार आहे, यावर सारे अवलंबून आहे. तीन पाळ्यांमध्ये राबून झाल्यावर रात्री व्याकरण शिकणे शक्य होत नाही. आमच्या मेळाव्यात केरळच्या दोन परिचारिका येतात. त्यांपैकी एकीच्या करारात भाषावर्गाचे तास कामाच्या वेळेतच धरले होते. ती चौदा महिन्यांत पूर्ण परिचारिका झाली. दुसरीच्या करारात याचा उल्लेखच नव्हता. ती तिसऱ्या वर्षीही साहाय्यकच आहे.

म्हणून तिने चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: त्रुटी दाखवणारा कचेरीचा मूळ निर्णय, मान्यतेचा आणि पूरक प्रशिक्षणाचा खर्च कोण करणार, भाषावर्गाचे तास कामाच्या वेळेत आहेत की नाहीत, आणि मान्यता मिळाल्याच्या तारखेपासून पगार किती होणार. नियोक्ता खरोखर गरजू असेल तर तो येथील परकीय-नागरिक कचेरीतून कुशल कामगारांसाठीची जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. या प्रक्रियेचे सरकारी शुल्क ४११ युरो आहे आणि त्यासाठीचा अर्ज नियोक्त्यालाच, परिचारिकेच्या वतीने, करावा लागतो. दलाल याच शुल्कापोटी तिच्याकडून लाखो रुपये मागत असेल, तर तेथेच समजून घ्यावे.

नियुक्तिपत्रातील व्यक्तिगत तपशील झाकून त्याची प्रत आपण मला खासगी निरोपात पाठवू शकलात, तर येत्या गुरुवारी मी ते मेळाव्यातील त्या दोघींना दाखवतो. तो अफगाण तरुणही आता तेथे दुसऱ्यांची पत्रे वाचून देत असतो; करारातल्या बारीक अक्षरांत काय दडलेले असते, हे त्याला माझ्यापेक्षा लवकर सापडते.